ज्याचा आकडा, त्याची भाषा

अणुभट्टीच्या पोटात शिरलेला माणूस आपला आकडा आपण वाचत नाही. हा कायदा नाही, कुठल्या नियमावलीत छापलेलाही नाही, पण मार्लहेवनच्या आमच्या टोळीत तो मोडायची कोणाची छाती नव्हती. किरणं मोजणारा मीटर सूटच्या आत छातीवर असतो. त्याचा आकडा उमटतो बाहेर उभ्या असलेल्या जोडीदाराच्या हातातल्या छोट्या स्क्रीनवर. जोडीदार तो मोठ्याने म्हणत राहतो, आत आपण ऐकत काम करतो, आणि शंभराच्या जवळ गेलं की तो म्हणतो, बस, बाहेर ये. मग दुसरा आत जातो.

याला जोडून आणखी एक रीत होती. आकडा ज्याचा, भाषा त्याची. आत उकाडा असतो, कानात हवेच्या नळीचा आवाज घुमत असतो, आणि माणूस घाबरलेला असतो. नाही म्हणणारा खोटारडा. अशा वेळी परकी भाषा आधी डोक्यात जाते आणि मग कळते. आपली भाषा थेट हातापायांत उतरते. म्हणून आमची टोळीप्रमुख बोझेना, जन्माने पोलिश, माझ्यासाठी शंभरापर्यंत मराठी आकडे शिकली होती. एकोणऐंशीपाशी मात्र तिचं घोडं दर वेळी अडायचं. 'ऐंशीला एक कमी' असं म्हणून ती मोकळी व्हायची. मीही तिचे पोलिश आकडे शिकले होते, पण ते तोंडात गरम बटाटा असल्यासारखे यायचे आणि बोझेना आतून शिव्या घालायची.

माझी रोजची जोडी मात्र नवऱ्याशी. सुगत तांबे. आम्ही दोघं चिपळूणकडचे, दोघांचेही वडील जमिनीखालच्या वीजघरात कामाला. वीज डोंगराच्या पोटातून येते हे आम्हाला शाळेत शिकवावं लागलं नाही. पुढे युरोपात जुन्या अणुभट्ट्यांचं आयुष्य वाढवायचं ठरलं, त्या उघडून आतून दुरुस्त करायला इथली तरुण मंडळी तयार होईनात, आणि आमच्यासारख्यांना ठेक्यावर बोलावणं आलं. दर वसंतात उत्तर समुद्राच्या काठावरचं मार्लहेवन बंद करतात आणि आम्ही आत शिरतो. घरात मोठ्या आवाजात बोलायची सुगतला सवय नाही. ती हौस तो भट्टीच्या तोंडाशी उभा राहून भागवून घ्यायचा.

यंत्रमानव असताना माणूस कशाला, असं गावाकडचे लोक विचारतात. बहुतेक काम यंत्राचा हातच करतो. पण वाफ बनवणाऱ्या त्या अजस्र टाकीच्या तळाशी एक गोल खोलगट जागा असते. सुगत आणि मी तिला घंगाळ म्हणतो. तिच्या छतात हजारो नळ्यांची तोंडं उघडतात. ज्या नळ्या झिजल्या त्यांच्या तोंडांत बूच ठोकायचं असतं. जुन्या भट्टीचं घंगाळ थोडं वाकलेलं असतं, आणि कडेच्या नळ्यांपाशी यंत्राचा हात अडकतो. तो अडकला की सगळं काम ठप्प. माणूस अडकत नाही, आणि अडकलाच तर यंत्रापेक्षा स्वस्त पडतो.

त्या वसंतात मला पहिल्यांदा चुकल्यासारखं वाटलं. एका पाळीत माझी सहा बुचं बसायची. आता चौथं बसतंय तोच सुगतचा आवाज यायचा, 'शहाण्णव, बस, ये बाहेर.' मी बाहेर यायचे, तो आत जायचा आणि बराच वेळ आत असायचा. मी सूट उतरवून अंग धुवायला जायचे, तेव्हा त्याचा आकडा बोझेना वाचायची. घंगाळ यंदा जास्त तापलंय, असं मी समजून चालले. जोडीदाराच्या आकड्यावर शंका घ्यायची नाही, हेही त्या रीतीतच होतं.

*

या सगळ्याची सुरुवात झाली ती डॉक्टर लीवाच्या पेटीपासून. डॉक्टर लीवा मार्टेन्स आमच्या प्लांटची डॉक्टर. उंच, पांढऱ्या केसांची, आणि खोटं बोलायची वेळ आली की जिचे कान लाल होतात अशी बाई. त्यामुळे ती त्या वाटेला फारशी जात नाही. आदल्या हिवाळ्यात तिने आम्हा दोघांना समोर बसवून ती पेटी समजावून सांगितली.

किरणं शरीरातून जाताना पेशीतला डीएनएचा दुपदरी धागा तोडतात. कधी एक पदर तुटतो, कधी दोन्ही. दोन्ही तुटले तर धोका. पेशी लगेच त्या जागी निशाणं लावते, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यांना जागा सापडावी. दुरुस्ती झाली की निशाणं उतरतात. एवढं शास्त्र जुनंच होतं. नवीन होती ती पेटी. सकाळी बोटातल्या रक्ताचा थेंब द्यायचा, पेटी त्यावर मोजून किरणं सोडते आणि निशाणं किती वेळात उतरतात ते पाहते. कोणाची दुपारपर्यंत साफ उतरतात, कोणाची संध्याकाळ झाली तरी तशीच. ज्याची लवकर उतरतात, त्याचं शरीर लवकर सावरतं, असा हिशेब.

'पण हे फक्त वेगाचं माप आहे,' लीवाने तेव्हाच सांगितलं होतं. पेशीकडे दुरुस्तीच्या दोन तऱ्हा असतात. एक तऱ्हा तुटलेली टोकं हाताला लागतील तशी जोडून टाकते. झटपट काम, पण जोड चुकू शकतो. दुसरी तऱ्हा शेजारच्या धाग्याची नक्कल पाहत सावकाश आणि बिनचूक जोडते. पेटीला यातलं काही कळत नाही. घाईत घातलेले टाके आणि नीट घातलेले टाके तिला सारखेच दिसतात. हे तिने कंपनीलाही सांगितलं होतं. कंपनीने तिच्या म्हणण्यातला वेगाचा भाग तेवढा उचलला.

मग आमच्या पासांवर पट्ट्या आल्या. लवकर सावरणाऱ्यांना सोनेरी, मधल्यांना निळी, सावकाश सावरणाऱ्यांना पांढरी. तांबडी कोणालाच नाही. कंपनीला सौजन्य चांगलं कळतं. सुगतला सोनेरी मिळाली आणि मला पांढरी. वर्षाला किती किरणं घ्यायची याची कायद्यातली मर्यादा सगळ्यांना एकच होती. कंपन्यांना ती माणसागणिक वेगळी हवी होती. सोनेरीला दीडपट, पांढरीला निम्मी. कायदा बदलेपर्यंत ठेकेदाराने 'चाचणी' म्हणून आपला नियम काढला: पांढरी पट्टीवाला निम्म्यावर पोचला की त्याचा सीझन संपला, त्याने घरी जावं. शिवाय फाटकावरच्या पडद्यावर पूर्वी प्रत्येकाचा एकूण आकडा दिसायचा तो बंद झाला. आरोग्याची माहिती खासगी असते म्हणे. आता नुसता हिरवा दिवा लागायचा.

माणसांना रक्तावरून पायऱ्यांवर बसवायचा प्रकार आमच्या घराला नवा नव्हता. आजोबा तरुणपणी कुठल्याशा बोगद्यावर खणायला होते. ते सांगायचे, दरड सगळ्यांवर सारखीच पडायची, पाण्याचे माठ मात्र दोन होते. ते काम त्यांनी माठांपायी सोडलं, दरडीपायी नाही. पासावरची ती पांढरी पट्टी पाहिली आणि मला पहिल्यांदा ते माठ आठवले. सुगतने आपली सोनेरी पट्टी खिशात उलटी करून ठेवली होती. त्यालाही तेच आठवलं असावं.

*

आता खुर्चीबद्दल सांगते. युरोपात एक चांगली रीत आहे. एखाद्या उद्योगातले मालक आणि कामगार संघटना ब्रसेल्समध्ये एका टेबलाशी बसतात, आणि दोघांच्या सह्या झालेल्या कराराचा पुढे साऱ्या युरोपासाठी कायदा होऊ शकतो. याला सामाजिक संवाद म्हणतात. अणुविजेच्या टेबलाशी वर्षानुवर्षं कायम नोकरदारांच्याच संघटना बसत आल्या होत्या. किरणांतला मोठा वाटा घेणारे आम्ही ठेक्यावरचे लोक मात्र त्या खोलीच्या बाहेर होतो. बोझेनासारख्यांनी दारं ठोठावून ठोठावून आमच्यासाठी एक खुर्ची मिळवली. त्या खुर्चीला बोलता येतं, सही करता येत नाही. मार्लहेवनसकट काही प्लांटांच्या लोकांनी तिथे मला निवडून दिलं, कारण मी भांडते पण आवाज चढवत नाही. अट एकच, की खुर्चीवरचा माणूस कामावर असला पाहिजे. कामावरून गेला की खुर्चीही गेली.

माणसागणिक मर्यादेचा करार एप्रिलमध्ये त्या टेबलावर आला. मालकांच्या बाजूने लिंडक्विस्ट बोलले. गोड गळ्याचा, नीटनेटका माणूस. माझं नाव ते 'उत्पला' असं अगदी शुद्ध उच्चारतात, आणि त्यासाठी त्यांनी मेहनत घेतली असणार. त्यांनी भिंतीवर दोन रेषा दाखवल्या. चाचणीच्या काळात कायदा बदललेला नव्हता, मर्यादा सर्वांची सारखीच होती. तरी सोनेरीवाल्यांचे आकडे वर चढत गेले होते आणि पांढरीवाल्यांचे खाली उतरत गेले होते. मार्लहेवनमध्ये, आणि इतर दोन प्लांटांतही.

'हे कोणी करायला लावलं नाही,' ते म्हणाले. 'कामगारांनी आपणहून केलं. बळकट खांद्यांनी दुबळ्या खांद्यांवरचं ओझं घेतलं. आम्ही फक्त त्यांच्या शहाणपणाला कायद्याचा आधार देतो आहोत.'

माझ्या डोळ्यांपुढे चार बुचं आली. सहा नाहीत, चार. आणि सुगतचा आवाज, शहाण्णव, बस. मालकांनी आमच्याविरुद्ध शोधलेला पुरावा माझ्या घरात माझ्याच थाळीत जेवत होता.

कायम नोकरदारांच्या संघटनेचे डेलात्र माझ्या शेजारी बसले होते. सह्या करणारं पेन त्यांच्याकडे. याला उत्तर देणं अवघड आहे, असं ते माझ्या कानाशी पुटपुटले. त्यांची माणसं घंगाळात शिरत नाहीत, त्यामुळे सही करणं मात्र त्यांना फार अवघड वाटत नव्हतं. बैठक पुढच्या आठवड्यावर गेली.

*

रविवारी दुपारी मी सुगतला समुद्राच्या बांधावर फिरायला नेलं. भांडायचं असलं की आम्ही तिथे जातो, कारण वारा इतका असतो की शेजाऱ्यांना काही ऐकू जात नाही. चहाचा थर्मास त्याच्या हातात दिला आणि विचारलं.

'तू माझा आकडा वाढवून सांगत होतास?'

त्याने नाही म्हटलं नाही. थर्मासचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

'निम्म्यावर गेलीस की तुला घरी पाठवणार,' तो म्हणाला. 'मग खुर्चीवर कोण बसणार? साठ झाले की मी नव्वद म्हणायचो. उरलेलं मी घेतलं. माझं लवकर भरून येतं, उत्पला. पेटीच सांगते.'

'लवकर भरतं एवढंच सांगते. नीट भरतं का, ते सांगत नाही. लीवाने तुझ्यासमोर सांगितलंय.'

'मला झेपतं.'

'झेपतं का, हे मी विचारलंच नाही. माझा वाटा मला न विचारता तू उचललास कसा?'

'बायको आहेस म्हणून.'

'आत मी कोणाची बायको नसते,' मी म्हटलं. 'आत मला काही दिसत नाही. तुझा आवाज असतो फक्त. तोच खोटा निघाला तर मी कशाच्या भरवशावर शिरायचं?'

मला त्याचा भयंकर राग आला होता आणि त्याच्यावर जीवही तेवढाच जडला होता. माझ्यासाठी हा माणूस घंगाळात जास्त वेळ बसत होता, रोज, आणि संध्याकाळी घरी येऊन मुकाट्याने भाकऱ्या भाजत होता. त्याच्या पेशींत घाईघाईने कसले टाके पडले असतील कोण जाणे. मला रडू आलं. वाऱ्यामुळे डोळ्यांत पाणी येतंय, असं मी म्हटलं आणि त्याने ते मान्य केलं.

मग तो म्हणाला, 'मी एकटा नाही. सगळेच करतायत. बोझेना तिच्या बहिणीसाठी करते.'

*

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कँटीनमध्ये उभी राहिले. ब्रसेल्सच्या भिंतीवर काय दाखवलं ते सांगितलं, आणि सुगतने काय केलं तेही. कोणीच कोणाकडे बघेना. शेवटी बोझेनाने काटा खाली ठेवला. मीही करते, ती म्हणाली. तिच्यामागून एकेक जण बोलू लागला. कोणी मित्रासाठी केलं होतं, कोणी मेव्हण्यासाठी, एका आडदांड रोमानियन गड्याने तर ज्याच्याशी त्याचं वर्षभर बोलणं बंद आहे अशा माणसासाठी केलं होतं. ज्यांच्यासाठी केलं त्यांतल्या निम्म्यांना पत्ताच नव्हता. आपण ठेकेदाराला बनवतोय अशा भ्रमात सगळे होते. खरं तर त्याला हवा होता तो करार आम्ही सहीआधीच पाळायला लागलो होतो, तेही चोरून आणि फुकटात.

तोमाश नावाच्या सोनेरी पट्टीच्या पोराने मात्र उघडच विचारलं, की माझं शरीर चांगलं आहे तर मी जास्त काम करून जास्त कमावलं तर तुमचं काय जातं. प्रश्न सरळ होता आणि मला तो आवडला. बोझेनाने त्याला समजावलं. आज तुला दीडपट घेता येईल, म्हणाली, उद्या घ्यावंच लागेल, कारण ठेकेदार नेमेलच दीडपटवाले. मग तू नको म्हणालास तर कमी पडलास असं होईल. आणि पुढच्या वर्षी दुसरी पेटी येईल आणि तुझी पट्टी पांढरी करेल. तोमाशने माझ्या ताटातला पाव उचलून खाल्ला. त्याचा होकार असाच असतो.

ठरलं ते साधं होतं. यापुढे खरा आकडा. सगळ्यांचा वाटा सारखा. आणि पांढरी पट्टीवाल्या कोणालाही निम्म्यावर घरी पाठवलं, तर सगळ्यांनी हत्यारं खाली ठेवायची. काम धोक्याचं वाटलं तर थांबवायचा हक्क इथल्या कायद्यात आहे. तो आजवर वापरला नव्हता, एवढंच.

ब्रसेल्सला निघताना सुगत म्हणाला, 'माझं नाव घे.' खोटा आकडा वाचला म्हणून त्याचा परवाना जाऊ शकत होता. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, 'टोपणनावाने सांगितलंस तर ते पुन्हा रेषाच दाखवतील. माणूस दाखव.'

*

त्या खोलीत मी उठून उभी राहिले. बसून बोलायची पद्धत आहे, पण मला बसवेना.

मी म्हटलं, 'मागच्या बैठकीत तुम्ही दाखवलेली खाली उतरणारी रेषा म्हणजे मी. वर चढणारी रेषा म्हणजे माझा नवरा, सुगत तांबे. त्याने माझा आकडा खोटा वाचला, कारण तुम्ही मला कामावरून काढणार होतात. तुम्ही याला शहाणपण म्हणालात. आमच्याकडे याला गळा आवळलेल्या माणसाची तडफड म्हणतात.'

लिंडक्विस्ट शांतपणे म्हणाले, की हे गंभीर आहे, खोटी नोंद हा शिस्तभंगाचा विषय होतो. मी म्हटलं, जरूर करा कारवाई. फक्त सुगतवर करून भागणार नाही, मार्लहेवनच्या सगळ्या टोळ्यांवर करावी लागेल, आणि मग घंगाळात तुम्हालाच शिरावं लागेल. मागच्या खुर्च्यांवर कोणीतरी हसलं आणि खोकल्याचं सोंग केलं.

मग मी खरं सांगायचं ते सांगितलं. मर्यादा सगळ्यांना एकच असते तेव्हा मालकाला घंगाळ थंड करावं लागतं. आतला गाळ धुवावा लागतो, शिशाच्या ढाली लावाव्या लागतात, भट्टी आणखी थोडे दिवस निवू द्यावी लागते. तसं केलं नाही तर कामाला माणसं पुरत नाहीत. गेल्या पन्नास वर्षांत या उद्योगात किरणं कमी झाली ती अशी. ज्या दिवशी घंगाळाऐवजी माणूस बदलता येईल, त्या दिवसापासून घंगाळ कोणी धुणार नाही. आज आमच्या रक्ताकडे बोट दाखवून तुम्ही विचारता, हा किती सोसेल. आम्ही विचारतो, त्याला सोसायला का लागावं?

साक्षीसाठी बोलावलेल्या डॉक्टर लीवाला बोलायला सांगितलं. पेटी वेग मोजते, बिनचूकपणा मोजत नाही, असं ती स्पष्ट म्हणाली. सोनेरी पट्टीचा माणूस सुरक्षित आहे असं तुम्ही म्हणाल का, असं लिंडक्विस्टनी विचारलं. 'मी म्हणणार नाही,' ती म्हणाली. 'तसं म्हणायला माझ्याकडे आधार नाही.' मी तिचे कान पाहत होते. ते पांढरेच राहिले.

पण टेबल हललं ते वेगळ्याच कारणाने, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. डेलात्रनी सहज विचारावं तसं विचारलं, की ही पेटी कायम नोकरदारांनाही लागू होणार का. लिंडक्विस्ट प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, कालांतराने, अर्थातच. डेलात्रनी आपल्या बोटाच्या टोकाकडे पाहिलं, जिथून थेंब घेतात तिथे. मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि या करारावर आमची सही होणार नाही असं सांगितलं. आपल्या पायात काटा रुतल्याशिवाय दुसऱ्याचं लंगडणं दिसत नाही. असो, दिसलं तर खरं.

आम्ही जिंकलो असं मी म्हणत नाही. शरद ऋतूत चर्चा पुन्हा सुरू होईल असं लिंडक्विस्टनी जाहीर केलं, माझ्याशी हात मिळवला आणि माझं नाव पुन्हा शुद्ध उच्चारलं. सुगतवरची कारवाई 'विचाराधीन' राहिली. आणि ठेकेदाराची चाचणी चालूच होती. निम्म्यावर पोचलेल्या पांढऱ्या पट्टीने घरी जायचं, हा नियम जागच्या जागी होता. सुगतने खरे आकडे लावून केलेल्या हिशेबाने माझी निम्मी मर्यादा भरायला आता ऐंशीच उरले होते.

*

ब्रसेल्सहून परतल्यावर सकाळच्या पाळीला मी सूट चढवला. मास्कच्या काचेतून पाहिलं तर ठेकेदाराचा देखरेख करणारा माणूस सुगतच्या खांद्यामागे येऊन उभा होता. त्यालाही माझा हिशेब माहीत होता. बोझेना, तिची बहीण, तोमाश, सगळी टोळी हत्यारं हातात घेऊन भोवती उभी होती. मी भोकातून आत शिरले.

पहिलं बूच सहज बसलं. सुगत आकडे म्हणत होता. अकरा. एकोणीस. दुसरं बूच, तिसरं. घाम डोळ्यांत उतरत होता. अठ्ठेचाळीस. चौथं बूच बसलं तेव्हा मी सवयीने थांबले, बाहेर ये म्हणेल म्हणून. 'बासष्ट,' सुगत म्हणाला आणि पुढे काही बोलला नाही. मी पाचवं बूच उचललं.

सत्तर. चौऱ्याहत्तर. त्याचा आवाज बारीक होत चालला होता. मला दिसत नव्हतं, पण बारा वर्षांच्या संसारात नवऱ्याचा आवाज कुठे अडकतो ते कळायला दिसावं लागत नाही. अठ्ठ्याहत्तर म्हणाला आणि पुढे नुसताच हवेच्या नळीचा आवाज येत राहिला. मी हात थांबवून वाट पाहिली. त्या क्षणी मला आकडा हवा होता. कितीही असो, खरा हवा होता.

'ऐंशीला एक कमी,' बोझेनाचा आवाज आला.

आणि मग लगेच, तिच्या हातून स्क्रीन परत घेतल्यासारखा, सुगतचा. 'ऐंशी.'

ठेकेदाराचा माणूस काहीतरी म्हणाला. मला बाहेर काढा आणि पास जमा करा, असंच असणार. नंतर एक आवाज झाला, लोखंडावर पाना ठेवल्याचा. मग दुसरा. मग एकामागून एक, घंगाळाच्या भिंतींतून मला ते सगळे ऐकू आले. शेवटचा आवाज झाल्यावर बाहेर सामसूम झाली. माझ्या हातात पाचवं बूच तसंच होतं. मी ते नळीच्या तोंडाला लावलं, पण ठोकलं नाही. बाहेरच्यांनी थांबायचं आणि आपण ठोकायचं, हे बरं दिसलं नसतं.

तो माणूस कोणाशी तरी फोनवर बोलत असावा. भट्टी एक दिवस बंद राहिली की किती जातात हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी अर्धवट अंधारात बसून राहिले. आजोबा माठ सोडून चालते झाले होते. मी मात्र उठून जाणार नव्हते. मला याच घंगाळात, यांच्याइतकाच वाटा घेऊन, काम करायचं होतं.

पुष्कळ वेळ गेल्यासारखं वाटलं, पण मीटरच्या हिशेबाने तो एकाच आकड्याचा वेळ होता. मग पाने उचलल्याचे आवाज आले, कोणीतरी हसलं, आणि तो माणूस लांब जाताना त्याच्या बुटांचा आवाज झाला.

सुगतने घसा खाकरला.

'एक्याऐंशी,' तो म्हणाला, मोठ्याने, घरात कधी बोलत नाही तेवढ्या मोठ्याने, आणि मी पाचवं बूच ठोकलं.